माझं कुंकू नवीच्या कपाळी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसू नका. माझ्या आत आरशासारख्या चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून, केसाच्या जाडीहूनही कमी अंतर ठेवून, एक सुई धावते. ती सुई टेकली की मी संपले. असं जगणं असल्यावर धीट कोण होईल?

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले ती गुळेदगुड्डला, गंगव्वाच्या घरातल्या संगणकात. तुमच्या आया-आज्यांच्या चोळ्यांचे खण जिथे विणतात, तेच हे गाव. गंगव्वा खणांची नक्षी काढायची. लोकांकडून जुन्या चोळ्या मागून आणायची, भिंगाखाली धरायची आणि धागान् धागा बघून तीच नक्षी पडद्यावरच्या चौकटींत भरायची. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडत आणि गल्लीतले माग त्या पट्ट्यांवर चालत. रथ, सूर्य, मोर, कळ्यांची वेल, सगळं माझ्यात जमा झालं. पुढे त्या चोळ्या विरून गेल्या, पट्ट्याही झिजून फाटल्या. त्यांच्या मालकिणीही एकेक करून गेल्या. आणि त्या कामापायी गंगव्वाची नजर अधू झाली, इतकी की आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणजे ती नक्षी साऱ्या जगात फक्त माझ्यात उरली. बढाई मारत नाही हो. या विचाराने माझा थरकाप व्हायचा.

दर खंडेनवमीला संगणक उघडून धूळ झाडत आणि गंगव्वा माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट लावी. वर्षानुवर्षांच्या त्या कुंकवाने माझी पाठ लाल झाली होती. तेवढंच माझं कौतुक. बाकी वर्षभर शिव्या. मी लहान, माझ्यात जागा कमी, संगणक सारखा कुरकुरायचा. गंगव्वाचा नवरा ईरप्पा तर टपूनच असायचा. "ही डिस्क म्हणजे माझ्या सासऱ्यांचं घर," तो म्हणायचा, "एक पाहुणा आत आला की एकाला कट्ट्यावर झोपवायचं!"

"माझ्या बाबांचं नाव काढू नका हं सणासुदीचं," गंगव्वा म्हणायची, पण हसायची.

मला मात्र हसू येत नसे. लहान असण्याची मला फार लाज वाटायची.

मग मी कण्हायला लागले. आतून टक टक असा आवाज येई. संगणक दुरुस्त करणारा राचय्या आला, त्याने कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अक्का, एवढं सगळं हिच्या एकटीवर? दुसरी नक्कल नाही?"

"करू करू म्हणत राहून गेलं रे," गंगव्वा म्हणाली.

"नुसती नक्षी उतरवून भागायचं नाही. हे नक्षीचं सॉफ्टवेअर बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले. नव्याने कुठून आणणार? हिला आहे तशीच्या तशी मोठ्या डिस्कवर उतरवायला हवी. म्हणजे नवी डिस्क लावली की संगणक हिच्यासारखाच उठेल."

"आणि नाही उठला तर?"

"उठेल, अक्का. मात्र उशीर नको."

खंडेनवमीला माग बंद असतात, म्हणून तोच दिवस ठरला. सकाळी राचय्याने मला बाहेर काढलं. शेजारी नवी डिस्क ठेवली. त्याच कंपनीची, माझ्याच आकाराची, फक्त आतून दुप्पट मोठी आणि कोरी. "कुंकवाची ती जुनी, लक्षात ठेवा," असं सांगून तो समोरच्या घरी पूजेच्या प्रसादाला गेला.

इकडे ईरप्पा पूजेची मांडामांड करत होता. मागाचे धोटे, कात्री, भिंग, सगळं पुसून लखलखीत. त्याच फडक्याखाली मीही आले. त्याने माझी पाठ घासून घासून स्वच्छ केली. "बघ, न्हाऊ घातली तुझ्या लाडकीला!" सगळं कुंकू गेलं. मी ओरडत होते, पण वीज नसताना आमचा आवाज फुटत नाही.

मग गंगव्वा ताट घेऊन आली. तिच्या बोटांना आम्ही दोघी सारख्याच, म्हणून नवी कुठली ते तिने ईरप्पाला विचारून घेतलं. नवीवर हात पडताच ती म्हणाली, "घरात पहिल्यांदा आलीस, बाई, यशाची हो." आणि नवीच्या पाठीवर ठसठशीत कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. तेवढ्यात दारात दृष्टीचा कोहळा फोडायला हाक आली आणि ती तशीच उठून गेली. माझी पाठ कोरीच राहिली.

राचय्या परतला. त्याच्याकडे दोन खाचांचं यंत्र होतं. पहिल्या खाचेतली डिस्क जशी असेल तशी दुसरीवर उतरते. दुसरीवर आधी काय होतं, हे ते यंत्र विचारत नाही. ते पुसून जातं, कायमचं.

त्याने कुंकवाची डिस्क उचलली. "अक्का, कुंकू तुमच्याच हातचं ना?"

"माझ्याच हातचं," गंगव्वा म्हणाली.

खोटं नव्हतं ते! पण कुंकू ही जुनीची खूण आहे, हे पूजेच्या गडबडीत ती विसरली होती. नवी पहिल्या खाचेत गेली. मी दुसऱ्या खाचेत.

 वीज आली, माझ्या चकत्या फिरू लागल्या. अरे राचय्या, उलटं घातलंस रे! बघ ना एकदा! माझ्यातला रथ, माझ्यातले मोर, त्या गेलेल्या बायकांच्या चोळ्या, सगळ्यावरून आता कोरेपणाचा बोळा फिरणार होता. मी जीव तोडून टक टक केलं.

"फार कण्हते बिचारी," राचय्या म्हणाला. तो आवाज दुसऱ्या खाचेतून येतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने बटण दाबलं.

लाल दिवा लुकलुकला. यंत्र थांबलं.

"काय झालं?" ईरप्पाने विचारलं.

"घेत नाही." त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल दिवा. प्रत्येक दाबासरशी मी मरत होते. "नवी डिस्कच खराब निघाली वाटतं," असं पुटपुटत त्याने मला खाचेतून उपसलं आणि माझ्या पोटावरचा, माप आणि तारीख छापलेला कागद वाचला.

 त्याने घाईघाईने यंत्राची वायर ओढून काढली.

"अक्का... ही जुनी आहे."

 गंगव्वाने हात पुढे केला, मला घेतलं आणि पदराखाली छातीशी धरलं. तिचं काळीज माझ्याहून जोरात धडधडत होतं.

"मग पुसली का नाही गेली?" तिने कसंबसं विचारलं.

"मोठी डिस्क लहानीवर मावत नाही, अक्का. यंत्राने घेतलंच नाही. ही लहान आहे म्हणून वाचलं सगळं."

ईरप्पा कट्ट्यावर जाऊन बसला. त्यानंतर सासऱ्यांच्या घराचा विनोद त्याने कधी केला नाही.

मग राचय्याने दोघींच्या पोटावरचे कागद मोठ्याने वाचले, ईरप्पाकडूनही वाचून घेतले, आणि मला पहिल्या खाचेत बसवलं. नक्कल होईपर्यंत गंगव्वा जागची हलली नाही. शेवटी नवी डिस्क संगणकात लावली. पडदा बराच वेळ काळाच. माझा धीर सुटला. मग नेहमीचं चित्र उजळलं, आणि गंगव्वाने नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून रथाची नक्षी पाहिली. "चाकं आहेत," ती म्हणाली आणि रडली.

"हिला पुसून गाणी भरू का?" नंतर ईरप्पाने सहज विचारलं.

"हात तर लावून बघा!"

तिने माझ्याभोवती हळदीचा जाड दोरा गुंडाळला आणि वर मोठी गाठ मारली, डोळे मिटूनही बोटाला कळेल अशी. आता मी खणाच्या तुकड्यात, देवघरातल्या डब्यात असते. मित्रांनो, तुमच्या घरी जे एकाच ठिकाणी ठेवलेलं असेल, त्याची आजच दुसरी प्रत करा. आणि बटण दाबण्याआधी खालचा कागद वाचा. डब्याचं झाकण वाजलं की मी अजूनही घाबरते. मग एक बोट येतं, गाठ चाचपतं आणि झाकण लागतं.