तिचा पाय आणि माझा गिअरबॉक्स

मी दातांचा डॉक्टर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गाडीच्या बाबतीत माझ्याकडून कुणाच्या फार अपेक्षा राहणार नाहीत. आमच्या घरात भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी बायको आधी मला दवाखान्यात पाठवते आणि मग स्वतः ठोकते.

बायको कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. कॉलेज टेकडीवर, रस्ता चांगलाच चढाचा, बस वर जात नाही. गेल्या वर्षी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि उजवा पाय बधिर होऊन बसला. महिनोन् महिने व्यायाम करून तिने तो जागा केला. गाडी चालवायला हरकत नाही, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. सोमवारपासून ती पुन्हा रुजू होणार होती. शनिवारी सकाळी सराव म्हणून एकटीच टेकडीकडे गेली आणि अर्ध्या चढावरून परत आली.

"मी ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही," ती म्हणाली. "किती दाबतेय तेच मला कळत नाहीये. पाय गेला माझा परत."

मी घरासमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आलो. गाडी व्यवस्थित चालली. "गाडीला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "पायाचंच असेल. जरा हळू दाबून बघ." बायकोला धीर द्यायची माझी ही पद्धत.

ती फोन घेऊन बसली आणि नोकरी सोडते हे प्राचार्यांना कसं सांगायचं, ते पुटपुटत जुळवायला लागली. "थांब," मी घाईघाईने म्हणालो, "इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही, म्हणजे गिअरबॉक्स निसटतोय. आज मी बघतो, तू उद्यापर्यंत फोन करू नकोस." खरं सांगायचं तर माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. थोडं नाटक करायचं, तोवर तिचं मन बदलेल, एवढाच बेत होता.

नाटकाचं सामान मी दवाखान्यातून आणलं: ट्रे, जाडी सिरिंज, नळी, तोंडात घालायचा छोटा आरसा आणि भिंगाचा चष्मा. फोनवर व्हिडिओ बघितले, तेही पळवत पळवत. आमची गाडी आपले गिअर आपणच बदलते आणि तिच्या गिअरबॉक्सला वेगळं तेल लागतं, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. तेल कमी झालं की गाडी निसटते. मोजायला एक लांब पट्टी असते.

आता, पेशंट हलत असला की मी हात लावत नाही. जन्माची सवय. म्हणून आधी इंजिन बंद केलं, चांगलं थंड होऊ दिलं आणि मगच पट्टी काढली. तेल खुणेच्याही वर होतं. "जास्त झालंय," मी निदान सांगून मोकळा झालो आणि सिरिंजने ट्रेभर तेल उपसलं. ते काळपट होतं, त्याला जळका वास येत होता. मी ते चांगलं लक्षण धरलं.

मग तिला शेजारी बसवून गाडी चढाच्या पायथ्याशी नेली. इंजिनाने आरोळी ठोकली आणि गाडी मागे सरकायला लागली. मी ब्रेक दाबला. गाडी बिघडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"बघ, माझ्या पायानेही चढत नाही."

"आता कशी चढेल," ती म्हणाली. "तेल काढून टाकलंस ना. सकाळी ते खुणेच्या वर होतं, तूच म्हणालास. तेव्हा माझा पायच होता."

तिच्या बाजूने काही पुरावा असलाच तर तो मीच उपसून ट्रेमध्ये ओतला होता. गाडी रखडत घरी आणली.

घरी आल्यावर भिंगाचा चष्मा लावला. सकाळपासून तो नुसता गळ्यात लोंबत होता. पट्टीच्या मुठीवर बारीक अक्षरं कोरलेली होती. तेल इंजिन चालू ठेवून, गरम असताना मोजायचं. बंद केलं की वरचं सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. हे मी तिला सांगितलं. "असेल," ती म्हणाली. मी सकाळी 'पायाचंच असेल' म्हणालो होतो, अगदी त्याच सुरात.

मग मात्र मला स्वतःचाच राग आला. मी जमिनीवर आडवा झालो आणि टॉर्च नि आरसा गाडीखाली घातला. गिअरबॉक्समधून पुढे रेडिएटरकडे एक पाईप जातो, त्याच्या जोडावरची कडी सैल झाली होती. तिथून थेंब गळत होता आणि भोवती तेलाचा नि धुळीचा थर जमला होता, थरावर थर, दगडासारखा कडक. गाडीतलं मला काही कळत नाही, पण कीटण कळतं, दातांवरचं रोज काढतो. मी ते खरवडलं आणि तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"हे आज सकाळचं नाही," मी म्हणालो. "हे साचायला महिने लागतात. एवढं एक तू माझं ऐक. तू घरात व्यायाम करत होतीस तेव्हापासून हे गळतंय."

तिने तो तुकडा बोटांनी चुरडून बघितला. मग पायरीवर बसली आणि रडली, तेलकट हातांनीच डोळे पुसत. मला फार लाज वाटली.

कडी आवळली. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं तेल आणलं, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओतलं, खुणेपर्यंत. जुनं जळकं तेल पूर्ण बदलायला गाडी मेकॅनिककडे न्यावी लागणारच होती, पण सोमवार तर निभावला असता.

रविवारी ती चालवायला बसली. गाडी चढली. वर कॉलेजच्या फाटकाशी तिने ती थांबवली. मी शाबासकी घ्यायच्या तयारीत बसलो होतो.

"काल तुला खरंच गिअरबॉक्स वाटला होता?"

"नाही," मी म्हणालो. "मलाही पायच वाटला होता."

"मग एवढा खटाटोप कशाला केलास?"

"तू फोन करू नयेस म्हणून."

तिने हात लांबवून माझ्या बाजूचं दार उघडलं. "उतर तू," म्हणाली. "मला एकटीला चढून बघायचंय. तू शेजारी असलास की माझं लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे जातं. माझ्या पायाबद्दल त्याला काय वाटतंय, तेच मी बघत बसते."

मी उतरलो. गाडी वळून खाली गेली. मी फाटकाशी उभा राहून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. थोड्या वेळाने ती वळणावर दिसली, एकाच वेगाने वर येत होती. मी हात हलवला. ती माझ्यासमोरून गेली, फाटकाशी वळली आणि पुन्हा एकदा चढायला खाली निघून गेली.