बिनभुंग्यांच्या घरातलं मोठं फूल

आमच्या विद्यापीठात काचेची दोन घरं शेजारीशेजारी आहेत. एकात भुंगे आहेत, दुसऱ्यात नाहीत, आणि गेली नऊ वर्षं या दोन्ही घरांचा मी रखवालदार. कागदावर माझं पद लांबलचक आहे, पण काम रखवालदाराचंच.

दोन्हीकडे रोप एकच, पिवळं माकडफूल. आमच्या ऑरेगनमध्ये ते ओढ्याकाठी कुठेही उगवतं. फूल अंगठ्याच्या पेराएवढं, आणि घशात लाल ठिपके, भुंग्याने कुठे उतरायचं ते दाखवणारे. प्रयोग डॉक्टर व्हर्ना टॉलिव्हर यांचा. त्यांना बघायचं होतं की भुंगाच आला नाही, तर हे फूल किती पिढ्या नटत राहील. फार नाही राहिलं. वर्षाला दोन पिढ्या, अशा सतरा पिढ्यांत बिनभुंग्यांच्या घरातली फुलं करंगळीच्या नखाएवढी झाली. ठिपके पुसट झाले, मध आटला. पुरतं उमलायच्या आधीच स्वतःच्या परागांवर भागवून फूल मोकळं. मला त्यांचा रागच यायचा. कोणी बघायला येत नाही म्हणून माणसाने इतकं गबाळं राहावं?

नियम कडक होता. भुंगा बाहेरच्या मोठ्या फुलांचे पराग आणतो, म्हणून त्या घरात तो दिसला की रोजवहीत लिहायचं आणि त्या दिवशी उमललेलं एकूणएक फूल खुडून टाकायचं. भुंगा फुलावर बसलेला दिसला नाही तरीही. मी रोज संध्याकाळी लिहायचो, ‘भुंगे: नाहीत.’ नऊ वर्षांत दुसरं काही लिहावं लागलं नाही, आणि त्याचा मला थोडा माजही होता.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी चार वाजता मला त्या घराच्या खिडकीच्या जाळीला बोटभर फट दिसली, आणि तिसऱ्या बाकावर एक केसाळ भुंगा. उमललेली फुलं नऊशेच्या वर होती. सहा वाजता माझ्या मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, ती पहिल्यांदाच एकटी ट्रम्पेट वाजवणार होती. मी भुंगा कॉफीच्या कपात धरून बाहेर सोडला, फट शिवली आणि वहीत रोजच्यासारखंच लिहिलं. एकच तर होता. कार्यक्रम छान झाला.

मार्चमध्ये एका सकाळी डॉक्टर दारातूनच ओरडल्या.

“ड्वेन! ती कॉफी ठेव आणि ये इकडे. जरा पाय उचल, म्हातारा झालास का?”

“मी म्हातारा? या महिनाअखेर निवृत्त कोण होतंय?”

“तोंड कमी चालव. हे बघ.”

एकशेचौदा नंबरचं रोप होतं. आजूबाजूच्या नखाएवढ्या फुलांत त्याचं एक फूल जवळजवळ अंगठ्याच्या पेराएवढं, आणि घशात लाल ठिपके, कालच रंगवल्यासारखे.

“सतरा पिढ्या दडून बसलं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “सगळे म्हणत होते, एकदा गमावलं की गेलं. मीसुद्धा म्हणत होते. नाही गेलं, ड्वेन!” त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

“कुठूनतरी भुंगा आला असेल,” मी म्हणालो.

“मलाही पहिला संशय तोच आला. म्हणून काल दिवसभर तुझ्या वह्या चाळत बसले. एक नोंद नाही. दुसऱ्या कुणाच्या वह्या असत्या ना, तर हे रोप मी सरळ कचऱ्यात टाकलं असतं. पण तुझ्या आहेत. गुरुवारी निरोपाच्या भाषणात हेच दाखवणार आहे मी. आणि हे वाक्यसुद्धा म्हणणार, तू लाजलास तरी.”

रोपाच्या पट्टीवर त्याच्या आईचा बाक लिहिलेला होता. तिसरा. मी शेजारच्या घरात जाऊन, गरज नसताना, सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. गप्प बसलो तर ही बाई शंभर माणसांसमोर माझ्या भरवशावर खोटं बोलणार होती. बोललो तर तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद मीच हिसकावून घेणार होतो. बुधवारी दुपारी गेलो.

डॉक्टर भाषणाची तयारी करत होत्या. पडद्यावर ते फूल, खाली माझं नाव.

“डॉक्टर, ऑक्टोबरात आत एक भुंगा होता. तिसऱ्या बाकावर. मी लिहिलं नाही.”

“फुलं खुडलीस?”

“नाही.”

“का?”

“शुक्रवार होता,” मी म्हणालो. मुलीचं नाव मध्ये आणायची लाज वाटली.

त्या ओरडतील म्हणून मी तयारीने गेलो होतो. बुरशी लागलेल्या एका ट्रेसाठी त्यांनी मला अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं झापलेलं आहे. पण त्यांनी फक्त पडद्यावरचं फूल काढून टाकलं. मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, सुटलो.

“मागच्या पिढीचं बी फ्रीजमध्ये आहे,” मी घाईने म्हणालो. “मी उद्याच पेरतो. एक पिढीच वाया गेली ना फक्त.”

टेबलावर माझ्या नऊ वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी तळातली, सगळ्यात जुनी वही ओढून काढली आणि पानं उलटू लागल्या. प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात तेच दोन शब्द होते.

“ड्वेन,” त्या वर न बघता म्हणाल्या, “आणखी किती?”

“एकच. शपथ घेऊन सांगतो, एकच.”

“बरं.”

“डॉक्टर, खरंच एकच होता हो.”

खरंच एकच होता. पण ते आता त्यांना कळणार कसं, आणि मी दाखवणार काय? त्यांनी आणखी चार पानं उलटली.

“सांगितलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. नऊ वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मग त्यांनी ती वही मिटली आणि दुसरी उघडली.