चंद्रिकेच्या वहीचा हेवा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मित्रांनो, लोखंडाला कधी हेवा वाटतो का, असं तुम्ही विचाराल. वाटतो. मला एका दोनशे पानी वहीचा वाटला आणि माझ्या मालकिणीला तिच्या धाकट्या जावेचा. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या, म्हणून एकत्रच सांगते.

माझी मालकीण चंद्रिका. तिच्या आईने, शिवबाईंनी, मला मैंदर्गीत घेतलं आणि लेकीच्या लग्नात सोलापूरला धाडलं. तिथल्या शेळगी भागातल्या घरात खिडकीपाशी मला जागा मिळाली. चंद्रिकेच्या हातात कसब होतं. बायका तिच्या ब्लाऊजचं कौतुक करायच्या, तेव्हा त्यातलं अर्धं मी माझ्याकडे घ्यायचे. तिला दुसरी मैत्रीण नव्हती. मन दुखलं की ती माझ्यापाशी बसायची आणि पायडल मारायची, इतकं की माझा पट्टा तापायचा.

मन दुखायचं एकदम आणि फार. नवरा विरेश उशिरा आला तरी तिच्या अंगाची लाही व्हायची. तासाभराने तीच रडायची आणि स्वतःला बोल लावायची.

मग तिचा दीर प्रभु लग्न करून वरच्या मजल्यावर राहायला आला. त्याची बायको दानेश्वरी शाळेत शिकवायची. चंद्रिकेची अकरा वर्षांची काव्या अभ्यासाला वर जाऊ लागली. आधी तासभर, पुढे जेवायलासुद्धा. वरून दोघींचं हसू ऐकू आलं की चंद्रिकेचा पाय माझ्यावर आपटायचा.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ती माझ्यावर काव्याचा घागरा शिवत होती. काठ लावायचे राहिले होते. तेवढ्यात काव्या जिना उतरून आली, अंगात दुकानातला तयार घागरा घालून.

"मम्मी, काकूनं आणला. लई भारी आहे की."

चंद्रिकेने कात्री उचलली आणि मुलीच्या अंगावरच तो घागरा खालून वर कापत नेला. कात्रीचं टोक काव्याच्या पोटरीला लागलं. जखम लहान होती. पण त्या दिवसापासून काव्या आईजवळ येईना. झोपायलाही वरच जायची.

विरेश ओरडला नाही. "मी समजायचो, तुझा स्वभावच तसा," तो म्हणाला. "आता मला भीती वाटतेय. डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरांनी तिला समुपदेशक रुपाली मॅडमकडे पाठवलं. दर गुरुवारी तिथे सात-आठ जण जमायचे. भावनांचा लोंढा आला तर वाहून न जाता कसं सावरायचं, हे तिथे शिकवायचे. त्या उपचाराला डीबीटी म्हणतात. पहिल्या गुरुवारी परत आल्यावर चंद्रिकेने आईला फोन लावला.

"अव्वा, त्या मॅडम मला वेडी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही जमेल तेवढं करताय, हे खरं. आणि तुम्हाला बदलावं लागणार, हेही खरं. दोन्ही एकदम खरं असतंय म्हणे."

आणि मग घरात ती वही आली. रोज संध्याकाळी चंद्रिका तिच्यात लिहायची. आज काय वाटलं, दहापैकी किती, काय करावंसं वाटलं आणि काय केलं. लिहायची ती माझ्याच फळीवर, मला बंद करून. मित्रांनो, ती वही मला डोळ्यांसमोर नकोशी झाली. इतकी वर्षं हिचा संताप मी सोसला आणि गुपितं सांगायची ती या कालच्या कागदांना? एकदा ती घसरून खाली पडली, तेव्हा मला बरं वाटलं.

चार-पाच महिन्यांनी काव्याला वक्तृत्व स्पर्धेत कप मिळाला. ती धावत आली, आईच्या समोरून गेली आणि थेट जिना चढली. चंद्रिकेचा हात कात्रीवर पडला. मी मनात म्हटलं, आता ही माझ्याकडेच येणार.

ती आली नाही. कात्री ठेवून मोरीत गेली. बादलीतल्या गार पाण्यात तिने श्वास रोखून तोंड बुडवलं, मॅडमनी शिकवलं होतं तसं. एकदा, दोनदा, तीनदा. मग ओल्या चेहऱ्यानेच वही उघडली आणि पुटपुटत लिहू लागली.

"हेवा, नऊ. मन म्हणतंय, पोरगी माझी राहिली नाही. डोळ्यांनी काय बघितलं? ती कप घेऊन वर गेली. एवढंच."

वर जाऊन दानेश्वरीला तोडून बोलावं, असं तिच्या मनात उसळत होतं. अशा वेळी मुद्दाम उलटं करायचं, हेही ती तिथेच शिकली होती. ती जिना चढली. दार उघडल्याचा आवाज मी ऐकला.

"दानू, माझा आत्ता लई जळफळाट झाला. पण भाषण तू बसवून घेतलंस. पोरीसाठी केलंस."



"अक्का, कात्री खालीच आहे ना?" दानेश्वरीने विचारलं.

"खालीच आहे."

"मग या आत."

त्या दुपारी मला माझी चूक उमगली. तिचा राग मी ओढून घेते, असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी त्याला वेग द्यायचे. मला दुसरं येतच नाही. थांबायला तिला वहीने शिकवलं. हे कळलं तरी माझा हेवा पुरता गेला नाही. नवाचा पाच झाला असेल.

तिचंही सगळं सुरळीत झालं नाही. मध्ये दोन गुरुवार चुकले आणि एक ताट भिंतीवर आपटलं. मात्र तिने स्वतःच ते उचललं आणि विरेशची माफी मागितली. काव्या खाली झोपायला यायला वर्ष लागलं.

मित्रांनो, मला वेळेवर तेल घातलं नाही तर मी कुरकुरते आणि दोरा तोडते. तेव्हा तुम्ही मला मोडीत काढत नाही, दुरुस्तीला नेता. तुमच्या घरात कुणी असं आतून पेटत असेल, तर स्वभावच तसा म्हणून त्याला सोडून देऊ नका. जिथे हे शिकवतात तिथे त्याला न्या, आणि शिकायला वेळ द्या.

परवा रविवारी चंद्रिका काव्याला माझ्यावर सरळ शिलाई शिकवत होती. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या.

"मम्मी, काकूला बोलवू? तिला पण शिकायचंय."

चंद्रिकेचा पाय पायडलवर थांबला. तिने एक लांब श्वास घेतला आणि सावकाश सोडला.

"बोलव," ती म्हणाली, आणि बाकावर जरा सरकून बसली.