रसानंदबाबांची हिरवी बशी

बार्शी रस्त्यावरच्या बेदाणा शेडमध्ये त्या दिवशी एकटी फुलाबाई सोडली तर कुणीच काम करत नव्हतं. बाकीच्या बायका डोक्यावर पदर घेऊन रसानंदबाबांपुढे बसल्या होत्या. आठवडाभर आभाळ भरलेलं, जाळ्यांवरचे बेदाणे काळे पडत चाललेले. आणि मालक बिभीषणनं पंखे आणायचे सोडून बाबा आणले होते.

"ह्यो कैलासावरच्या वेलीचा रस," बाबा बशीतल्या पाण्यात लोटीतून लाल धार सोडत म्हणाले. "जिच्या नजरंनं माल काळा पडला, तिचं बोट लागलं की रस हिरवा हुतो. रसाला खोटं बोलता येत न्हाय."

एकेकीनं बोट बुडवलं. रस लालच राहिला. मग फुलाबाईला हाक गेली. द्राक्षं वाळत घालण्याआधी कार्बोनेटच्या पाण्यात बुडवावी लागतात, सालीवरचं मेण त्यानं निघतं. चौदा वर्षं ते काम तिचंच. ती टाकीवरून तशीच ओल्या हातानं आली. तिनं बोट बुडवलं आणि बशी हिरवीगार झाली.

बिभीषण खाली बघत म्हणाला, "फुलाबाई, उद्यापासनं येऊ नगंस. गावात ऱ्हायचं का न्हाय, ते बैठकीत ठरंल." तिच्याबरोबर रोज भाकरी खाणाऱ्या बायका हळूच बाजूला सरकल्या.

आईचा डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या फुलाबाईच्या मुलीला, सोनमला, ते सरकणं फार लागलं. ती नाशिकच्या एका वाइन कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, सुट्टीवर आली होती. संतापून ती पुढे झाली. पण जवळ गेल्यावर बशीतला वास आला आणि तिला हसू आवरेना. कारखान्यात वाइनचे ग्लास सोड्यानं धुताना मोरीतून रोज असंच हिरवं पाणी वाहायचं, आणि तिथं त्यापायी कुणी कुणाला गावाबाहेर काढत नव्हतं.

बाबांनी तंबाखूत चुना घालून तळहातावर मळायला घेतलं होतं. सोनमनं डोक्यावर ओढणी घेतली.

"बाबा, आईचा दोष तुमीच काढा. नव्या रसात अंगठा बुडवून तिच्या कपाळाला लावा."

"पोरगी शानी हाय," बाबा खूश होऊन म्हणाले. तंबाखू ओठात ठेवून त्यांनी नवी बशी भरली आणि मोठ्या थाटात अंगठा बुडवला. बशी पहिलीपेक्षा हिरवी झाली.

शेडमध्ये सगळ्यांत म्हातारी रत्नम्मा पुढे वाकून बघत म्हणाली, "म्हंजी बेदाणे बाबानं काळं केलं व्हय?"

सगळं शेड हसलं. सोनम बोलायला लागली, तेव्हा आता सगळे ऐकत होते.

"ही आमच्या नाशिककडची लाल वाइन हाय. उंच पठार, दिवसा कडक ऊन, रात्री गारवा. त्यानं द्राक्षाच्या सालीत रंग दाट उतरतो. तो रंग आंबटात लाल राहतो आणि खारानं हिरवा होतो. आईच्या हाताला कार्बोनेट, बाबांच्या अंगठ्याला चुना. दोनी खारच."

तिनं डब्यातली लिंबाची फोड बशीत पिळली. हिरवं पाणी पुन्हा लाल झालं.

"गेला बघ आई, तुजा दोष."

"काल ह्यो बाबा टाकीपाशी घुटमळत हुता," रत्नम्मा सावकाश म्हणाली. "ह्यात काय घालता, हात कोण घालतंय, समदं मलाच इचारलं की."

बाबा लोटी उचलून निघाले. बायका परत जवळ सरकल्या, पण फुलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मालक, बेदाणं ओल्या हवंनं काळं पडत्यात," ती म्हणाली. "चार दिवस सांगतीया. आता तरी पंखं आणा." आणि ती टाकीकडे गेली.

आणखी सांगायचं ते एवढंच. चमत्कार दिसला की तो दुसऱ्यांदा करून बघा, आणि या वेळी हात धुऊन. कुणी एखाद्या बाईचं बोट बुडवायला सांगितलं, तर आधी सांगणाऱ्याचा अंगठा बघा.