चिवड्याच्या पेटीतली बारकी

मी एक म्हातारी पाल आहे. मित्रांनो, लगेच पाय वर घेऊ नका. तुमच्या भिंतीवर दिव्याजवळ फिरणारी, चुकचुकणारी ती मी नव्हे. मला भिंतीवर चढता येत नाही. मी जमिनीवरची, दगडाखाली राहणारी. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपटी आणि तुमच्यासारख्या पापण्या. भीती वाटली की मी डोळे घट्ट मिटून घेते, आणि आयुष्यात ते मी फार वेळा मिटले आहेत. लोक म्हणतात, ही इखारी पाल, हिनं चावा घेतला की माणूस पाणीसुद्धा मागत नाही. खरं सांगते, माझ्यात थेंबभरही विष नाही. असतं तर मी इतकी भित्री कशाला झाले असते?

मिरजगावाबाहेरच्या माळावर, एका मोठ्या दगडाखाली मी अंड्यातून बाहेर आले. आमच्यात आई वाट बघत बसत नाही. अंडं फुटलं की ज्याचं त्यानं बघायचं. दिवसभर दगडाच्या पोटात पडून राहायचं, ऊन उतरलं की किडे शोधायला निघायचं आणि पिंगळ्याचा आवाज आला की धूम आत. पुढे त्याच दगडाखाली आणखी एक लहान पाल राहायला आली. मी तिला हाकलणार होते, पण ती माझ्याहूनही भित्री निघाली, म्हणून राहू दिली. बारकी हे नाव तिला नंतर माणसांनी ठेवलं.

मग तो मोठा दुष्काळ आला. पावसानं पाठ फिरवली आणि माळावर नालाबांधाचं काम निघालं. बायामाणसं टिकाव, पहारी, घमेली घेऊन आली. आमच्या पोटाखालची जमीन दिवसभर हादरायची. एका सकाळी पहार आत घुसली, दगड उलटला आणि सगळं ऊन एकदम डोळ्यांत शिरलं.

"आरं, इखारी पाल हाय! दोन हायेत, दोन!"

"ठेचा, ठेचा! पोरं बसलीत तिकडं!"

एक घमेलं आमच्या शेजारी आदळलं. तेव्हा बारकीनं आमच्या जातीचा शेवटचा उपाय केला. तिनं शेपटी टाकून दिली. सगळी माणसं त्या वळवळणाऱ्या तुकड्याकडे बघत राहिली आणि आम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळाला. पण मित्रांनो, शेपटी म्हणजे आमची कणगी असते. चांगल्या दिवसांत खाल्लेलं तिथं साठवायचं आणि वाईट दिवसांत त्यावर जगायचं. ऐन दुष्काळात बारकीनं कणगीच देऊन टाकली होती.

त्या दिवशी कामावर सुकडी, म्हणजे दुष्काळातलं ते सरकारी कोरडं खाणं, वाटायला शाळेतल्या फिलोमिनाबाई आल्या होत्या. त्यांनी सुकडीचा रिकामा डबा आमच्यावर उपडा घातला आणि त्याच्यावर स्वतःच बसल्या.

"कुणी दगड उचलायचा नाही," त्या म्हणाल्या. "पाल विषारी नसते."

"बाई, पुस्तकातली पाल येगळी आन ही येगळी," एक म्हातारा म्हणाला. पण बाई काही उठल्या नाहीत. डब्यातल्या काळोखात बारकी माझ्या पोटाखाली थरथरत होती. आता आमचं संपलं, असंच मला वाटत होतं.

बाईंच्या घरी एक काचेची पेटी होती. त्यांच्या यजमानांनी, याकोबरावांनी, रस्त्यालगत चहाचं हॉटेल काढलं होतं. दुष्काळात ते बंद पडलं आणि शेवचिवड्याची पेटी घरी आली. ती धुऊन, पुसून, आत वाळू पसरून बाईंनी आम्हाला त्यात सोडलं. आता मुंगूस येणार नव्हतं, पिंगळाही येणार नव्हता. पण चारी बाजूंनी काच! चिवडा लोकांना दिसावा म्हणूनच ती पेटी केलेली. लपायला आत एक खडासुद्धा नव्हता. ज्या बाजूला पळावं तिकडून एखादं मोठं तोंड आमच्याकडे बघत असायचं. कधी कधी सगळी आळीच असायची.

आणि मरियाआजी. या फिलोमिनाबाईंच्या सासूबाई. त्यांच्या दारातून पाहुणा उपाशी गेला असं दुष्काळातही झालं नव्हतं. पाहुण्याला एकट्याला जेवायला बसवणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्यांचं शास्त्र. ताटासमोर बसायचं, "घ्या की" म्हणायचं आणि नको म्हटलं तरी वाढायचं. हेच शास्त्र त्यांनी आम्हाला लावलं. पेटीचं दार उघडून त्या समोर ठाण मांडून बसायच्या.

"खा गं माझे बाय. येवढूसं खा. लाजायचं न्हाई, घर आपलंच हाय." असं म्हणत सुकडीचा गोळा बोटावर घेऊन त्या बारकीच्या तोंडाला लावायच्या. ते बोट येताना दिसलं की माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. आम्हा पालींकडे वरून जे येतं, ते खायलाच येतं.

शेजारच्या छबूबाईंनी तर शेळीचं दूध आणलं. पोराबाळांना दूध मिळत नव्हतं असे ते दिवस, पण त्यांनी नागोबाला ठेवतात तशी दुधाची बशी आमच्यापुढे ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं. आता पाल काय, नागसुद्धा दूध पीत नाही. बारकी घाबरून पळाली ती थेट बशीत पडली. दूध वाळूत सांडलं, नासलं आणि दुसऱ्या दिवशी फटीतून लाल मुंग्या आत आल्या. त्यांनी गाठली बारकीची तुटकी शेपटी. तेव्हा ती ओरडली. आम्हाला आवाज असतो, मित्रांनो, पण जिवावर बेतल्याशिवाय आम्ही तो काढत नाही.

बाई धावत आल्या. त्यांनी एकेक मुंगी वेचून काढली आणि वाळू बदलली. छबूबाई मात्र, "पाल वरडली, कायतरी वंगाळ हुनार," असं म्हणत कपाळाला हात लावून गेल्या.

आणि वंगाळ होतच होतं. बारकी काही खात नव्हती. आम्हाला किडे लागतात हे बाईंच्या लक्षात आल्यावर त्यांनी रेशनच्या लाल मिलो ज्वारीतल्या अळ्या आणि सोंडे वेचून आणले. माणसांना त्या किडक्या ज्वारीचा वीट आला होता, मला मात्र तिचा वास आला की भूक लागायची. आसपास कोणी नाहीसं बघून मी एखादी अळी गिळायचे. बारकीला तेवढाही धीर नव्हता. डोळे मिटून, काचेला तोंड लावून ती पडून राहायची. पाठीचा कणा वर दिसायला लागला. ती जितकी वाळत गेली, तितकी घरातली माया वाढत गेली. आजी जास्त वेळ बसू लागल्या. बाई तिला पुन्हा पुन्हा तळहातावर घेऊन बघू लागल्या. या मायेनंच तिचा जीव जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण मी पडले पाल, सांगणार कुणाला?

एकदा दिवेलागणीला दोघी सासवासुना पेटीपुढे बसल्या होत्या. बाईंनी बारकीला हातावर घेतलं. तिनं मानसुद्धा हलवली नाही.

"आई, ही काही जगत नाही आता," बाई म्हणाल्या.

आजींनी सुनेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "फिलोमिना, तू या घरात नवी आलीस तवा काय झालं हुतं, ध्यानात हाय का?"

"काय झालं होतं?"

"आळीतल्या समद्या बाया तुझ्याम्होरं बसल्या हुत्या. खा, खा करीत. मीबी त्यातच. तुझ्या घशाखाली घास उतरंना. मला वाटलं, पोरगी आजारी हाय, न्हाईतर आपलं घर हिला आवडलं न्हाई."

बाईंना त्यातही हसू आलं. "मग तुम्ही मला चुलीपाशी बसवलंत आणि दार लोटून बाहेर गेलात."

"आन तू चार भाकरी खाल्ल्यास."

"तीन, आई."

"ऱ्हाऊ दे तीन." आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ठिव तिला खाली. आपन पाव्हनीला जेवू घालीत न्हाई, तिच्या उरावर बसलोय."

त्यांनी परसातून एक फुटकं कौल आणलं आणि वाळूत पालथं घातलं. पेटीला गोणपाट गुंडाळलं, फक्त हवेपुरती जागा ठेवली. पाण्यानं भरलेलं एक झाकण आणि थोडे किडे आत ठेवून दार लावलं. आळीला बंदी झाली. छबूबाई दूध घेऊन आल्या, त्यांनाही उंबऱ्यावरून परत पाठवलं. आजी स्वतः दारात बसायच्या, पण पेटीकडे पाठ करून.

कौलाखाली अंधार होता. पाठीला दगडासारखं काहीतरी टेकत होतं. बारकी माझ्यामागून आत सरकली आणि कितीतरी दिवसांनी तिची थरथर थांबली. पण ती बाहेर येईना. मी मनातून फार घाबरले होते. ही माणसं उशिरा शहाणी झाली, हिच्या अंगात आता उठायचंही बळ उरलं नाही, असं मला वाटू लागलं.

मग एका संध्याकाळी वाळूवर एक सोंडा चालू लागला. बारकीनं कौलाखालून नाक काढलं. शिकार दिसली की आमची शेपटी हलते. तिला शेपटीच नव्हती, नुसतं थोटूक होतं, तेच हललं. तिनं झडप घातली. चुकली. मी डोळे मिटून घेतले. मग कट्ट असा आवाज आला.

"फिलोमिना," दारातून आजी कुजबुजल्या, "वाजलं!"

"काय वाजलं? बघू का?"

"बघू नगंस! वळूसुदिक नगंस!"

आजींनी पदर डोळ्यांना लावला. घरातल्या सगळ्यांत जास्त जीव त्यांनीच बारकीवर लावला होता, पण त्या वळल्या नाहीत. दोघी तशाच दाराकडे तोंड करून बसून राहिल्या आणि आत बारकीनं दुसरा सोंडा उचलला.

पाऊस आला तेव्हा आमच्या दगडाच्या जागी बांध उभा होता. परत जायला ठिकाण उरलं नव्हतं, म्हणून आम्ही इथंच राहिलो. बारकीला नवी शेपटी फुटली, आखूड आणि वांग्यासारखी फुगलेली. दिसायला ती अगदीच बेढब आहे, पण ती भरलेली आहे. माझी भीती अजून गेलेली नाही. हात आत आला की मी आजही डोळे मिटते.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी एखादा नवा जीव आला, कुत्र्याचं पिल्लू असो, पोपट असो की दुसऱ्या गावाहून शाळेत आलेला मुलगा असो, तर त्याला आधी लपायला जागा द्या. माया नंतर करा, ती नासत नाही.

आणि आता रागावू नका. बोलता बोलता दिवे लागले. कौलाखालून बारकीचं नाक बाहेर आलं आहे. तुम्ही असे बघत उभे राहिलात तर ती पुन्हा आत जाईल आणि उपाशी राहील. तेव्हा जरा तिकडे तोंड करा बघू.