रडायचं राहून गेलं

नवरा मेला आणि बायको रडली नाही, एवढी गोष्ट पाचोडला वर्षभर चघळायला पुरते. वच्छलाबाईच्या नशिबी ती आली. पुंजारामला अंगणात शेवटची आंघोळ घातली, तिरडी उचलली, तरी बाईचे डोळे कोरडे. थोरली नणंद केसरबाई मुकुंदवाडीहून हेल काढतच आली आणि भावजयीच्या गळ्यात पडली. मयताच्या घरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात, ते कुणाला एकटीनं रडावं लागू नये म्हणून. पण वच्छलाबाईनं मान ताठ धरली आणि दात आवळले.

"मह्या भावानं काय भिंतीसंगं संसार केला काय गं?" केसरबाई साऱ्या भावकीसमोर म्हणाली. तेरावं उरकून गेली ती पुन्हा फिरकली नाही. फोनसुद्धा उचलेना.

खरं कारण पोटच्या पोराला, सत्यमलाही ठाऊक नव्हतं.

पुंजाराम जायच्या महिनाभर आधी वच्छलाबाईच्या उजव्या डोळ्याचा पडदा निसटला होता. शहरात ऑपरेशन झालं. पडदा जागी बसावा म्हणून पालथं झोपायचं, मान खाली घालूनच जेवायचं. पुंजाराम तसा तोंडाळ गडी, चहात साखर कमी पडली तर गल्ली गोळा करणारा. पण तोच माणूस वेळच्या वेळी तिच्या डोळ्यात थेंब घालायचा, जमिनीवर बसून तिच्या खाली वाकलेल्या तोंडात घास द्यायचा. हे सुख बाईनं कधी पाहिलेलं नव्हतं. एकदा तिला रडू आलं, तर तो घाबराघुबरा झाला. गावातल्या मनकर्णाबाईचा डोळा ऑपरेशननंतर गेला तो लेकीच्या लग्नात रडल्यानं, अशी त्याची पक्की समजूत. डॉक्टरला विचारावं म्हणाल, तर पुंजारामनं जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

"रडायचं नाय आता," तो म्हणाला. "काय बी होऊ दे. मह्या गळ्याची आण हाय तुला."

"बरं, नाय रडत."

आणि एका रविवारी बाजारात छातीत कळ येऊन तोच गेला.

ज्याच्या गळ्याची आण तोच राहिला नाही, मग आण कुणासाठी पाळायची? दुसरी कुणी असती तर मोकळी झाली असती. वच्छलाबाईला वाटलं, धन्यानं आपल्याला एवढं एकच काम सांगून ठेवलंय. डोळा राखायचा. हुंदका आला की ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची.

चार दिवसांत डोळा दुखू लागला. आधी नुसती कणकण, मग भुवईपासून जबड्यापर्यंत ठणका. मळमळायचं, उजेड सोसायचा नाही. सत्यम म्हणाला, "माय, तपासायची तारीख बी आलीय. चल दवाखान्यात."

केसरबाई आडवी आली. "दिवस झाल्याबिगर तिनं उंबरा वलांडायचा नाय. लोक शेण घालतील तोंडात." भावकीनं माना डोलावल्या. तेराव्यानंतर सव्वा महिना घर न सोडण्याचं निघालं. सत्यम बजाजनगरला कामावर परतला, आणि तो फोनवर विचारायचा तेव्हा वच्छलाबाई म्हणायची, "कमी हाय रे." तिचं तिला वाटायचं, न सांडलेलं पाणी आत साचलंय, तेच ठणकतंय. एवढं सोसलं की डोळा वाचला.

सुट्टीवर आलेल्या सत्यमनं तिला भिंत चाचपत चालताना पाहिलं आणि काही न ऐकता गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. पुन्हा तपासला. "आजी, डोळ्यातला दाब फार वाढलाय. आतली नस सुकली. या डोळ्यानं आता दिसायचं नाही. ठणका कमी व्हायला औषध देते, पण तोही थोडाफार राहील. दुखायला लागलं तेव्हाच का नाही आलात?"

"पर म्या रडले नाय, बाई," वच्छलाबाई म्हणाली. "मालक गेला तरी नाय रडले."

डॉक्टरीणबाईंना क्षणभर उमजलं नाही. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. "रडला असतात तरी काही बिघडलं नसतं हो. रडण्यानं डोळा जात नाही. वेळेवर यायला हवं होतं."

बाईनं एवढी डोळ्यांत तेल घालून राखण केली, ती भलत्याच दाराशी. चोर दुसरीकडून आत शिरला. तिला ना डोळा मिळाला, ना नवऱ्याचं दुःख करायला मिळालं. असा न्याय कुणाच्या वाट्याला येऊ नये.

बाहेर आल्यावर ती सत्यमला म्हणाली, "मुकुंदवाडीला घे."

केसरबाईनं दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. वच्छलाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"वन्सं, रडलं तरी चालत व्हतं म्हणं. त्यांनी आण घातली व्हती, डोळा जाईल म्हणून. डोळा बी गेला."

केसरबाईनं सत्यमकडं पाहिलं. "इलाजाला उशीर झाला, आत्या," तो खाली बघत म्हणाला. सुतकात उंबरा कुणी अडवला होता, हे सांगायची गरज पडली नाही. केसरबाईच्या आठ्या विरल्या, तोंड उतरलं. तिनं दोन्ही हात पुढं केले.

मग वच्छलाबाईनं गळा काढला. मयताच्या दिवशी काढायचा तो सगळा हेल, त्याच्या नावानं, त्याच्या तोंडाळपणाच्या नावानं, भरवलेल्या घासांच्या नावानं. दोन्ही डोळ्यांना धार लागली, आणि उजवा डोळा ठणकतच होता. गल्लीतली दारं उघडली. शेजारची रत्नमाला हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"काय झालं वो? कोण गेलं?"

"महा भाऊ," केसरबाई म्हणाली.

"अगं बाई! कधी?"

केसरबाईनं भावजयीला आणखी जवळ ओढलं.

"आज," ती म्हणाली.