डाव्या कार्बोरेटरची सुई

"एवढीशी सुई कोण ठेवतं हो आता, काका? अख्खा कार्बोरेटर बदलून टाका," दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"अख्खा आहे तुमच्याकडे?"

"तोही नाही."

मीटरवाले काका दुकानाच्या पायऱ्या उतरले. जन्मभर घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले, म्हणून हे नाव. तेव्हा लोक कुरकुरत का होईना, दार उघडायचे. आज सकाळपासून त्यांनी अख्खा बाजार पालथा घातला, पण कुणी धड तोंडाकडे बघायला तयार नव्हतं.

सुई म्हणजे नखाएवढी, पितळेची. कार्बोरेटरमध्ये पुरेसं पेट्रोल आलं की ती वाट बंद करते; ती नसेल तर पेट्रोल नुसतं गळत राहतं. त्यांच्या जुन्या मोटारसायकलला दोन सिलिंडर, म्हणून कार्बोरेटरही दोन, डावा आणि उजवा. दोन्ही एकदम उघडायचे नाहीत, हा बायकोचा दंडक. "एकाचं पोट शिवल्याशिवाय दुसऱ्याचं फाडायचं नाही," असं म्हणायची आणि सुटे भाग धुतलेल्या पेट्रोलचं ताट ओतण्याआधी बोटांनी चाचपायची. ती गेल्यावर काकांनी पहिल्यांदाच हे काम काढलं, तेही एकट्याने, दोन्ही एकदम उघडून. ताट मोरीत ओतलं आणि त्याबरोबर डावी सुई गेली. मग ते मोरीशीच बसून पोटभर रडले. बायको गेली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, रडायला जागा मिळाली नव्हती.

उद्या मुलगा त्यांना आपल्या घरी कायमचं न्यायला येणार होता. फोनवर त्याने सरळच सांगितलं होतं, "बाबा, चालू असेल तर आणू बरोबर. बंद असेल तर भंगारात देऊ. मेलेलं लोखंड ठेवायला माझ्याकडे जागा नाही." त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. पण ज्या गाडीवर सगळा संसार झाला ती वजनावर विकायची, हे काकांना पटत नव्हतं.

शेवटी त्यांनी भंगारवाल्या मावशींचं अंगण गाठलं. मावशींनी मोडक्या कार्बोरेटरांचा एक गंजका डबा पायानेच पुढे सरकवला.

"शोधा. सापडली तर तुमचं नशीब, नाही तर माझा डबा तरी आवरून होईल."

काका फतकल मारून बसले. बोटं काळी झाली, कंबर धरली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कुठे एका फुटक्या कार्बोरेटरच्या तळाशी तशीच सुई दिसली. त्यांनी ती जागेवर दाबून नळीतून फुंकर मारली. फुंकर अडली. सुई चांगली होती.

"मिळाली? चला, आता घरी बाईंना सांगा, काम फत्ते झालं म्हणून," मावशी हसल्या.

"सांगतो," काका म्हणाले.

घरी येऊन सुई बसवली आणि पेट्रोलची गळती थांबली. गाडी चालूही झाली, पण लंगडत. एक कार्बोरेटर जास्त ओढत होता, दुसरा कमी. दोघांचा श्वास सारखा करायचा तर माणसं दोन लागतात: एकाने सीटवर बसून रेसची मूठ पिळून धरायची, दुसऱ्याने कान देऊन स्क्रू फिरवायचा. काकांनी मूठ दोरीने बांधून पाहिली. दोरी सटकली. मग त्यांनी समोरच्या टायपिस्टचं दार वाजवलं. या गाडीच्या आवाजावरूनच दोघांचं बोलणं बंद होतं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," टायपिस्ट दारातूनच म्हणाले.

"नुसती मूठ धरायची. उद्या गाडी भंगारात जाईल हो, नाही तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

टायपिस्टनी पायांत चपला सरकवल्या.

सीटवर ते पुढ्यात टाइपरायटर असल्यासारखे ताठ बसले. हवेच्या जाळ्या काढलेल्या होत्या, उघडी तोंडं सूं सूं करत हवा ओढत होती. काकांनी रबरी नळीचं एक टोक डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग उजव्याशी. मग पुन्हा डाव्याशी.

"जरा वाढवा. बास, तिथेच."

स्क्रू जरासा फिरला. दोन्ही आवाज एकमेकांजवळ येऊ लागले. काकांचा चेहरा कधी नव्हे तो सैल झाला. हे चाललंय तरी काय, हे बघायला टायपिस्ट वरून वाकले. त्यांची सावली काकांच्या हातावर पडली.

"केस मागे घे गं," डोळे न उघडताच काका म्हणाले. "आत ओढले जातील."

बोलून गेले आणि डोळे उघडले. टायपिस्टच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. काकांचा हात स्क्रूवर तसाच राहिला, कानाची नळी खाली पडली.

टायपिस्टनी मूठ सोडली नाही. मोकळा हात त्यांनी सावकाश कपाळावरून मागे नेला.

"घेतले," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."